पाहुणा काबूलला, सह्या दोहाला

नाटो या लष्करी आघाडीचे सरचिटणीस म्हणून मार्क रुट्टे यांनी १ ऑक्टोबर २०२४ला सूत्रे हाती घेतली आणि ३ ऑक्टोबरला ते किव्हमध्ये होते. युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांच्याशी हस्तांदोलन, पत्रकार परिषद, पाठिंब्याची ग्वाही. ती बातमी पाहताना मला पंधरा वर्षांपूर्वीची दुसरी बातमी आठवली. १ ऑगस्ट २००९ला अँडर्स फॉग रासमुसेन याच खुर्चीत बसले होते आणि आठवडा संपायच्या आत, ५ ऑगस्टला, काबूलला उतरले होते. तिथेही हस्तांदोलन होते, पत्रकार होते, ग्वाही होती. आज त्या काबूलमध्ये नाटोचा एक सैनिक नाही. ग्वाही देणारे निघून गेले.

अशा दौऱ्यांवर आपल्याकडे दोनच प्रकारचे लेखन होते. एकात पाश्चात्त्य पाहुणा म्हणजे लोकशाहीचा तारणहार असतो, दुसऱ्यात तो इस्लामचा शत्रू. दोन्ही गटांतल्या मित्रांना पुढचे वाचून राग येईल, हे धरूनच लिहितो आहे.

रासमुसेन हे नाव मुस्लिम वाचकांना वेगळ्या कारणाने माहीत असेल. ‘युलँड्स-पोस्टन’ या दैनिकाने ३० सप्टेंबर २००५ला पैगंबरांची व्यंगचित्रे छापली, तेव्हा ते डेन्मार्कचे पंतप्रधान होते. अकरा मुस्लिम देशांच्या राजदूतांनी त्यांची वेळ मागितली. त्यांनी भेट नाकारली. वृत्तपत्रात काय छापावे हे सरकार ठरवत नाही, ही त्यांची भूमिका होती आणि तेवढ्यापुरती ती बरोबरच होती. सरकारने संपादकाला शिक्षा करावी, असे मीही म्हणणार नाही. पण समोर बसून ऐकून घ्यायला नकार देणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग कसा होतो, हे मला आजवर समजलेले नाही. याच पंतप्रधानांनी २००३मध्ये आपल्या देशाला इराक युद्धात उतरवले होते. राजदूतांना दिवाणखान्यात न घेणारा हा गृहस्थ चार वर्षांनी काबूलच्या दिवाणखान्यात पाहुणा म्हणून बसला.

त्यानंतर एका महिन्याने काय झाले ते सविस्तर सांगायला हवे, कारण पाहुण्याच्या शब्दाचे वजन त्यातूनच कळते.

२००९च्या जुलैमध्ये अफगाणिस्तानातील नाटो फौजांचे प्रमुख जनरल मॅकक्रिस्टल यांनी हुकूम काढला होता की, सामान्य नागरिकांचा जीव जाईल असे हवाई हल्ले कमीत कमी व्हावेत. कागदावर हे सगळे चांगले होते. ३ सप्टेंबरला तालिबानने उत्तरेकडच्या कुंदुझ प्रांतात नाटोचे इंधन घेऊन निघालेले दोन टँकर पळवले. नदी ओलांडताना ते वाळूत रुतले. टँकर हलके करण्यासाठी इंधन काढायचे ठरले आणि आजूबाजूच्या गावांतली माणसे बादल्या, कॅन, जे हाताला लागेल ते घेऊन आली. रमजानचा महिना होता. फुकट इंधन मिळते आहे म्हटल्यावर गरीब गावातून कोण येणार नाही? पोरेही आली.

जवळच्या जर्मन तळावर कर्नल गेओर्ग क्लाइन यांना एका खबऱ्याने सांगितले की, तिथे सगळे तालिबानीच आहेत. विमाने अमेरिकन होती. वैमानिकांनी सुचवले की, आधी खालून घिरटी मारून लोकांना पांगवू. तळाने नको म्हटले. ४ सप्टेंबरच्या पहाटे दोनच्या सुमारास, सेहरीला अजून अवकाश असताना, दोन बॉम्ब पडले. नेमके किती मेले याचा हिशेब कधीच एकमताने लागला नाही. शंभरच्या आसपास माणसे गेली, असे अनेक अंदाज सांगतात.

रासमुसेन यांनी कसून चौकशीचे आश्वासन दिले. चौकशी झालीही. नाटोचा अहवाल गोपनीय राहिला. त्या वेळचे जर्मन संरक्षणमंत्री फ्रान्स योसेफ युंग माहिती दडवल्याच्या आरोपावरून नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळातून गेले. जर्मनीने कायदेशीर जबाबदारी न स्वीकारता कुटुंबांना प्रत्येकी पाच हजार डॉलर दिले. कर्नल क्लाइन यांच्यावर खटला चालला नाही. २०१३मध्ये ते ब्रिगेडियर जनरल झाले. आठ आणि बारा वर्षांची दोन मुले गमावलेला एक बाप जर्मन न्यायालयांतून शेवटी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी २०२१मध्ये न्यायालयाने सांगितले की, जर्मनीने केलेली चौकशी पुरेशी होती. बाप हरला.

साडेअकरा वर्षे तो माणूस विचारत होता की, याला जबाबदार कोण. टँकर नाटोचे, विमाने अमेरिकेची, हुकूम जर्मन, मोहिमेला परवानगी संयुक्त राष्ट्रांची, आणि जमीन त्याची.

या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, कारण आघाडीची रचनाच तशी आहे. नाटोचा सरचिटणीस हा मुलकी अधिकारी असतो. त्याच्या हुकमाखाली एक बटालियनही नसते. निर्णय सदस्य देशांच्या परिषदेत एकमताने होतात आणि युरोपातला सर्वोच्च लष्करी सेनापती पहिल्या दिवसापासून अमेरिकनच असतो. सरचिटणीस बोलतो सर्वांच्या वतीने आणि बांधला जातो कुणाच्याच वतीने नाही. आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत मुलाचा एक लांबचा मामा असतो. सगळ्यात जास्त तोच बोलतो, ‘आमचा शब्द म्हणजे शब्द’ हेही तोच म्हणतो, आणि पुढे बोलणी फिसकटली की ‘माझ्या हातात काय होते’ असेही तोच म्हणतो. युद्धात होरपळणाऱ्या देशात असा मामा जातो तेव्हा मात्र माणसे त्याच्या शब्दावर घरदार, नोकरी, लेकींची शाळा पणाला लावतात.

आता २९ फेब्रुवारी २०२०. शनिवार. माझ्या मते या सगळ्या दौऱ्यांचा अर्थ सांगणारा दिवस हाच.

त्या दिवशी नाटोचे सरचिटणीस येन्स स्टोल्टेनबर्ग काबूलमध्ये होते. सोबत अमेरिकेचे संरक्षणमंत्री मार्क एस्पर. यजमान अध्यक्ष अश्रफ घनी, ज्यांना अकराच दिवसांपूर्वी निवडणूक आयोगाने विजयी घोषित केले होते आणि ज्यांचा विजय प्रतिस्पर्धी अब्दुल्ला अब्दुल्ला यांनी साफ नाकारला होता. (पुढे ९ मार्चला एकाच शहरात, एकाच दिवशी, दोघांनीही अध्यक्षपदाची शपथ घेतली. ज्या लोकशाहीसाठी वीस वर्षे बॉम्ब पडले, तिचे हे रूप.) अमेरिका आणि अफगाण सरकारचे एक संयुक्त निवेदन जाहीर झाले. त्यात भाषा फार सावध होती: दोन्ही बाजूंचे कैदी सोडणे शक्य आहे का, यावर चर्चा व्हावी.

त्याच दिवशी तिकडे कतारमध्ये, दोहाच्या एका हॉटेलात, झलमय खलीलझाद आणि मुल्ला अब्दुल गनी बरादर दुसऱ्या कागदावर सह्या करत होते. त्या कागदात सावधपणा नव्हता. १० मार्चपर्यंत तालिबानचे पाच हजारांपर्यंत कैदी सुटतील, असे तारखेनिशी लिहिले होते. ते कैदी होते काबूल सरकारच्या तुरुंगात, आणि काबूल सरकार त्या करारात पक्षकारच नव्हते. दुसऱ्याच दिवशी घनी म्हणाले की, असे वचन आम्ही दिलेलेच नाही. सप्टेंबर उजाडेपर्यंत जवळपास सगळे कैदी सुटले होते.

पण मला जास्त खटकते ते वेगळे. दोहाच्या कागदात चौदा महिन्यांत फक्त अमेरिकेचे नव्हे, तर तिच्या मित्रदेशांचे आणि आघाडीतल्या भागीदारांचेही सगळे सैन्य निघून जाईल, असे वचन होते. म्हणजे नाटोचे सैनिक कधी निघणार याची मुदत नाटोची सही नसलेल्या कागदावर पडत होती, आणि नाटोचा सर्वोच्च प्रतिनिधी त्या वेळी दोन हजार किलोमीटर दूर काबूलमध्ये उभा राहून ‘आम्ही तुमच्यासोबत आहोत’ असे सांगत होता. मराठीत अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो. हे पाहुणे त्या व्याख्येत चपखल बसतात, सुरक्षेसाठी सहसा न सांगताच येतात. फक्त त्यांची जाण्याची तिथी यजमानाला न विचारता भलत्याच गावी ठरते.

मग ते काबूलला का गेले होते? माझे मत असे की, त्यांना तिथे उभे करण्यात आले होते. दोहाच्या छायाचित्रात अफगाण सरकार नव्हते, ती रिकामी जागा दिसू नये म्हणून काबूलमध्ये दुसरे छायाचित्र लागत होते. त्या छायाचित्रात अफगाण झेंडा होता, अफगाण अध्यक्ष होता. कराराच्या मजकुरात मात्र अफगाण स्त्रियांचा साधा उल्लेखही नव्हता. ज्यांच्या मुक्तीचा दाखला देऊन २००१पासून हे युद्ध पाश्चात्त्य जनतेला विकले गेले, त्यांच्यासाठी शेवटच्या कागदात एक ओळ मिळाली नाही.

१४ एप्रिल २०२१ला नाटोने माघारीचा निर्णय जाहीर केला. १५ ऑगस्टला काबूल पडले. १७ ऑगस्टला स्टोल्टेनबर्ग यांनी पत्रकारांसमोर सांगितले की, अफगाण राजकीय नेतृत्व उभे राहिले नाही, त्या अपयशातून ही शोकांतिका घडली. आपणही धडे घ्यायला हवेत, हेही ते म्हणाले. पण बोट कुणाकडे होते ते स्पष्ट होते. घनी पळाले हे खरेच आहे, त्यांची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. पण ब्राऊन विद्यापीठाच्या अभ्यासानुसार या युद्धात ६६ हजारांहून अधिक अफगाण सैनिक आणि पोलीस मारले गेले. नागरिक ४६ हजारांहून अधिक. नेते उभे राहिले नसतील. मग ही हजारो माणसे काय आडवी झोपून मेली? अठरा महिन्यांपूर्वी ज्या नेतृत्वाच्या शेजारी उभे राहून छायाचित्र काढले, तेच आता नालायक ठरले. पाहुणचार घेऊन गेल्यावर यजमानाच्या घरातल्या भांडणाची चव्हाट्यावर चर्चा करणाऱ्याला आपण काय म्हणतो, ते वाचकांना माहीत आहे.

इथवर वाचून काही मित्र खूश झाले असतील. त्यांच्यासाठी पुढचा भाग.

२०२१च्या ऑगस्टमध्ये आपल्यातल्या काहींनी मोबाईलवर मुबारकबादी फिरवल्या. महासत्ता हरली, ईमान जिंकले वगैरे. त्या युद्धातल्या नागरी मृत्यूंचा हिशेब संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेने वर्षानुवर्षे ठेवला आहे. दोहा करार झाला त्याच्या आदल्या वर्षी, २०१९मध्ये, ३,४०३ नागरिक ठार झाले. हजारो जखमी झाले. त्यातल्या निम्म्याहून जास्त बळींची जबाबदारी तालिबान आणि त्यांच्यासारख्या सशस्त्र गटांवर होती. मरणारे मुसलमान होते. मशिदीत मेले, लग्नाच्या मांडवात मेले, बाजारात मेले. कुंदुझच्या त्या बापासाठी रडायचे आणि काबूलच्या बाजारातल्या बापासाठी गप्प बसायचे, हा कुठला इन्साफ?

आणि उम्मत म्हणाल तर, नाटोची रसद कुठून जात होती? कराचीच्या बंदरातून तोरखम आणि चमनच्या रस्त्याने. नोव्हेंबर २०११मध्ये सलालाच्या चौकीवर नाटोच्या हल्ल्यात पाकिस्तानचे २४ सैनिक मेले तेव्हा तो रस्ता बंद झाला, आणि २०१२च्या जुलैत अमेरिकेने ‘सॉरी’ म्हटल्यावर पुन्हा उघडला. विमाने कुठल्या धावपट्टीवरून उडत? इतर ठिकाणांबरोबर कतारच्या अल उदैदवरून, ज्या कतारने मग शांतता कराराची मेजही मांडली. तुर्कस्तान तर नाटोचा सदस्यच. रासमुसेन यांच्या नेमणुकीला २००९मध्ये आधी अंकाराने आक्षेप घेतला, व्यंगचित्रांचा विषय काढला, आणि शेवटी होकार दिला. तुर्की सैनिक काबूलच्या विमानतळावर पहारा देत राहिले. यातल्या कुणाच्याही दूतावासासमोर आपल्याकडे मोर्चा निघाला नाही.

तालिबानने मार्च २०२२मध्ये मुलींच्या माध्यमिक शाळा उघडायच्या दिवशीच पुन्हा बंद केल्या. डिसेंबर २०२२मध्ये विद्यापीठांचे दरवाजे स्त्रियांना बंद झाले. आणि ऑक्टोबर २०२५मध्ये त्यांचे परराष्ट्रमंत्री आमिर खान मुत्तकी दिल्लीत आले, तेव्हा त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत एकही महिला पत्रकार नव्हती. ओरड झाल्यावर दोन दिवसांनी दुसरी परिषद घेऊन त्यांना बोलावले गेले. मधल्या दिवशी देवबंदमध्ये त्यांच्या स्वागताला ही गर्दी! त्या गर्दीतल्या एकानेही जाहीरपणे विचारले नाही की, हजरत, आमच्या मुली शिकतात, तुमच्या का नाही? राजदूतांना न भेटणारे रासमुसेन आणि महिला पत्रकारांना बाहेर ठेवणारे मुत्तकी, दोघेही मला एकाच वर्गातले वाटतात. आणि ज्या दिल्ली सरकारचे समर्थक एरवी आपल्याला तालिबानी म्हणतात, त्याच सरकारने मुत्तकींना गालिचा अंथरला, काबूलमधल्या आपल्या कार्यालयाला दूतावासाचा दर्जा दिला. परराष्ट्र धोरणाला शेजार सांभाळावा लागतो, हे मला कळते. मग मोहल्ल्यातल्या पोराला ‘जा काबूलला’ म्हणताना हे का आठवत नाही?

आता पुन्हा किव्ह. युक्रेनवर रशियाने आक्रमण केले आहे, त्यात दुसरी बाजू शोधण्याची गरज मला वाटत नाही. ग्रोझ्नी आणि अलेप्पो ज्यांनी उद्ध्वस्त केले, त्यांच्यात केवळ अमेरिकाविरोधापायी मसीहा शोधणाऱ्यांनी आधी चेचेन मुसलमानांना विचारावे. युक्रेनला लढायला शस्त्रे लागतात आणि ती नाटोच्या देशांकडूनच येतात, हेही खरे. पण शब्दांचा व्यवहार तिथेही जुनाच आहे. एप्रिल २००८मध्ये बुखारेस्टला नाटोने जाहीर केले की, जॉर्जिया आणि युक्रेन सदस्य होतील. कधी, ते सांगितले नाही. ऑगस्टमध्ये जॉर्जियात युद्ध झाले. सप्टेंबरमध्ये तेव्हाचे सरचिटणीस याप डे होप स्खेफर तिबिलिसीला जाऊन आले. जॉर्जिया अजून बाहेरच आहे. एप्रिल २०२३मध्ये स्टोल्टेनबर्ग किव्हला जाऊन म्हणाले की, युक्रेनची हक्काची जागा नाटोत आहे. जुलैमध्ये विल्नियसच्या परिषदेत ठरले की, सदस्य देशांचे एकमत झाले आणि अटी पूर्ण झाल्या की आमंत्रण देऊ. झेलेन्स्की संतापले. काबूलच्या कुणीतरी त्यांना फोन करायला हवा होता.

पुण्यात अफगाण विद्यार्थी अनेक वर्षांपासून येतात. त्यातला एक माझ्या ओळखीचा. कोंढव्यात तीन जणांत एक खोली घेऊन राहतो, सावित्रीबाईंचे नाव असलेल्या विद्यापीठातून त्याने पदवी घेतली. काबूल पडले त्या आठवड्यात आम्ही टपरीवर बसलो होतो, तेव्हा त्याने २९ फेब्रुवारीची आठवण काढली होती. त्याचे वडील सरकारी कचेरीत कारकून होते. त्या दिवशी टीव्हीवर नाटोचा साहेब बोलताना पाहून त्यांनी फोनवर सांगितले होते, ‘काळजी करू नको, मोठी माणसे इथे येऊन शब्द देत आहेत.’ पुढच्या वर्षी त्यांची नोकरी गेली. धाकट्या बहिणीची शाळा सहावीनंतर सुटली. ती आता मोबाईलवर इंग्रजी शिकते, तेही नेट असेल तेव्हा.

त्याच्या पासपोर्टची मुदत संपत आली आहे. दिल्लीतला जुन्या प्रजासत्ताकाचा दूतावास नोव्हेंबर २०२३मध्ये बंद झाला. मुंबईच्या वाणिज्य दूतावासात २०२४च्या नोव्हेंबरमध्ये तालिबानने नेमलेला माणूस आला. मागच्या महिन्यात हा मुलगा कागदांची पिशवी घेऊन घरी आला आणि विचारू लागला, ‘भाईजान, मुंबईला त्यांच्याकडे जाऊ का? तिथे गेलो म्हणजे मी त्यांना मानले असे होते का?’ बराच वेळ मला उत्तर सुचले नाही. मग मी त्याला सकाळच्या गाडीची वेळ सांगितली आणि झेरॉक्सच्या दोन प्रती जास्त घेऊन जा म्हणालो.